छोट्या हॉस्पिटलची हातमिळवणी: भाडं, भागीदारी की विक्री?

मागच्या दिवाळीत तालुक्याच्या गावच्या एका सर्जनचा फोन आला. तीस बेडचं हॉस्पिटल, खाली ओपीडी आणि मेडिकल, वर घर. आवाजात थोडा उत्साह, थोडी धास्ती.

"मॅडम, एक मोठा ग्रुप आलाय. मर्जर करू म्हणतात."

"हॉस्पिटल कंपनीच्या नावावर आहे का?"

"नाही हो, माझ्याच नावावर. प्रोप्रायटरी."

"मग मर्जर कसलं? ते विकत मागतायत."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

घोळ शब्दाचाच आहे, पण महागात पडतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ मधलं विलीनीकरण कंपन्यांचं असतं आणि त्याला एनसीएलटीची, म्हणजे राष्ट्रीय कंपनी न्यायाधिकरणाची, मंजुरी लागते. छोट्या कंपन्यांना कलम २३३ चा जरा जवळचा रस्ता आहे. आपल्याकडची बहुतेक नर्सिंग होम्स मात्र डॉक्टरांच्या स्वतःच्या नावावर नाहीतर नवरा-बायकोच्या भागीदारीत असतात. त्यांच्या वाट्याला येतात ते विक्री, भाडं, चालवायला देणं, किंवा आधी चार जणांनी मिळून कंपनी काढणं. समोरचा "मर्जर" म्हणतो, कारण "विकता का?" असं विचारलं तर डॉक्टर चहासुद्धा पाजणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं.

मी अठरा वर्षं हॉस्पिटलच्या प्रशासनात आहे, सुरुवात बिलिंगच्या खिडकीवर झाली. असे व्यवहार जवळून बघितले. काही जमले, काही मोडले, एक-दोन जमायला नको होते तेही जमले. या वाटेला पहिल्यांदा जाणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहितेय. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक जण थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात आणि मग पहिल्या तीन समोरच्या पार्टीकडून शिकतात.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवते. २०२२ मध्ये हैदराबादच्या किम्सने नागपूरच्या किंग्जवे हॉस्पिटलात ५१ टक्के हिस्सा घेतला. २०२४ मध्ये मॅक्सने नागपूरचंच २०० बेडचं अलेक्सिस घेतलं. २०२५ मध्ये मणिपालने पुण्याचं सह्याद्री घेत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी सह्याद्री ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे होतं, म्हणजे कॅनडातल्या मास्तरांची पुंजी पुण्यातल्या बेडवर. या बातम्या वाचून, बेडमागे इतके लाख मिळाले तर तीस बेडचे किती, असं त्रैराशिक मांडणारे डॉक्टर मी पाहिलेत. ते मांडू नका. त्या हॉस्पिटलांत एखादा डॉक्टर सोडून गेला तरी दुसऱ्या दिवशी ओपीडी चालते. तुमची चालते का, या प्रश्नावर तुमचा भाव ठरतो.

पायरी १: नक्की दुखतंय कुठे?

हे डॉक्टरांना मी सांगावं म्हणजे गंमतच, पण स्वतःच्या हॉस्पिटलच्या बाबतीत ते तपासणी न करताच ऑपरेशन ठरवतात.

मुलगी रेडिओलॉजिस्ट झाली, पुण्यात स्थिरावली, गावी येणार नाही, ही एक तक्रार. कॅशलेसचे दर परवडत नाहीत, टीपीएकडे (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीकडे) पैसे अडकलेत, ही दुसरी. रात्रीचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, मिळत नाही, शिकलेली सिस्टर सहा महिन्यांत शहरात जाते, ही तिसरी. मशीनच्या कर्जाचा हप्ता निघत नाही, ही चौथी. आणि पाचवी कुणी उघड बोलत नाही: कंटाळा आलाय.

औषध प्रत्येकाचं वेगळं. वारस नसेल तर विक्री किंवा लांब मुदतीचं भाडं. दर मिळत नसतील तर आधी एनएबीएचकडे, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाकडे, बघा. ५० बेडपर्यंतच्या हॉस्पिटलांसाठी त्यांचे वेगळे निकष आहेत, आणि एंट्री लेव्हलचं प्रमाणपत्र हातात असलं तरी विमा कंपनीशी बोलण्याचा सूर बदलतो. माणसं मिळत नसतील तर गावातल्याच दोन-तीन हॉस्पिटलांनी आयसीयू आणि रात्रीचा स्टाफ एकत्र केला तरी निम्मं काम होतं. हप्त्याचं दुखणं असेल तर बँकेशी बोला. हप्त्यासाठी ५१ टक्के देणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं. आणि कंटाळ्यासाठी दोन महिने सुट्टी घेऊन पाहा, मी गमतीत सांगत नाही. एका बालरोगतज्ज्ञांनी तसं केलं, परत येऊन बोलणी थांबवली, आणि आता आठवड्यातून चार दिवस ओपीडी करतात.

पायरी २: कपाटातली फाइल

खरेदीदार पहिल्या भेटीत इमारत बघतो, दुसऱ्या भेटीत फाइल मागतो. ती फाइल त्याच्याआधी तुम्ही बघा.

"बॉम्बे नर्सिंग" चालू आहे का? कायद्याच्या नावातलं बॉम्बे जाऊन महाराष्ट्र आलं, तरी १९४९ च्या त्या कायद्याखालच्या नोंदणीला सगळे अजून बॉम्बे नर्सिंगच म्हणतात. नोंदणी तीन वर्षांची असते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे बाहेरच्या राज्यातल्या ग्रुपचा वकील त्याचं प्रमाणपत्र मागू लागला तर घाबरू नका, हे समजावून सांगा. मग बायोमेडिकल वेस्टचं अधिकारपत्र, ज्याला आपल्याकडे सरळ "बीएमडब्ल्यू" म्हणतात (नवीन अकाउंटंट दचकतो), प्रदूषण मंडळाची संमती, एक्स-रेसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, मेडिकलचा एफडीए परवाना, गर्भपात केंद्र असेल तर एमटीपीची मान्यता, लिफ्टचा परवाना. आणि फायरचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, जो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बाळं गेली. त्यानंतर फायरच्या कागदाकडे कुणी "नंतर बघू" म्हणून पाहत नाही, आणि पाहूही नये.

यातले बरेच कागद तुमच्या नावाने आणि त्या जागेपुरते असतात. मालक बदलला की ते आपोआप त्याच्याबरोबर जात नाहीत. सगळ्यात जास्त चटका देतं ते पीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची नोंदणी. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी हस्तांतरित होत नाही. मालकी बदलली किंवा नुसतं व्यवस्थापन बदललं तरी प्रमाणपत्र परत करून नवीन काढावं लागतं. एका मॅटर्निटी होमचा करार शुक्रवारी झाला, हार-पेढे झाले, आणि सोमवारी लक्षात आलं की सोनोग्राफी चालवायची तर नोंदणी कुणाच्या नावाची? नवी येईपर्यंत मशीन कपड्याने झाकून ठेवलं. त्या आठवड्यात तारीख दिलेल्या बायकांना रिक्षाने दुसऱ्या सेंटरला पाठवत होते, आणि त्यातल्या काही बाळंतपणालाही तिकडेच राहिल्या. करारात एकच ओळ हवी होती: ताबा नव्या नोंदण्या हातात आल्यावर.

मेडिकलच्या परवान्याला निदान श्वास घ्यायला वेळ आहे. फर्मची घडण बदलली तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा काढायचा.

इमारतीचं वेगळंच महाभारत. नकाशा राहत्या घराचा मंजूर आणि आत ऑपरेशन थिएटर, जागा वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, वरचा मजला भावाचा, गच्चीवर पत्र्याची शेड आणि त्यात स्टाफचं जेवणघर. यातलं काही तुमच्याकडे असेल तर आजच वकिलाकडे जा. बोलणी सुरू झाल्यावर ही गोष्ट बाहेर आली की तिची किंमत दुप्पट वजा होते.

पायरी ३: नफा म्हणजे काय, ते मान्य करणं

इथे सर्वात जास्त मनं दुखावतात, म्हणून आकडे मांडून सांगते. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

तीस बेडचं हॉस्पिटल, वर्षाची जमा ४ कोटी २० लाख. औषधं आणि साहित्य १ कोटी १५ लाख, पगार ८५ लाख, बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची फी ६० लाख, वीज-दुरुस्ती-किरकोळ ३५ लाख. खर्च २ कोटी ९५ लाख. डॉक्टर म्हणतात, नफा सव्वा कोटी.

खरेदीदाराचा माणूस पेन्सिल काढतो. साहेब, तुमच्या जागी सर्जन ठेवला तर महिना ४ लाख, वर्षाचे ४८. तुमच्या मिसेस भूल देतात, त्यांच्या जागी महिना ३ लाख, वर्षाचे ३६. इमारत तुमची आहे, भाडं धरलं तर महिना दीड लाख, वर्षाचे १८. झाले १ कोटी २ लाख. उरले २३ लाख. भाव या २३ लाखांवर ठरणार. दहा पट धरले तर २ कोटी ३० लाख, आणि डॉक्टरांच्या डोक्यात साडेबारा कोटी बसलेले.

त्याचं गणित चुकीचं नाही. सव्वा कोटीतला मोठा भाग तुमच्या दोघांच्या मेहनतीचा मोबदला आहे. तो तुम्ही काम करत राहिलात तर तुम्हाला पगार म्हणून मिळेलच, आणि घरी बसलात तर तो कुणालाच विकता येत नाही. या हिशेबातून एक फायद्याची गोष्टही निघते: इमारत आणि धंदा वेगळे धरा. इमारत स्वतःकडे ठेवून फक्त धंदा देता येतो, आणि ते १८ लाख भाडं म्हणून येत राहतं. अडीअडचणीला हीच इमारत कामाला येते. माझ्या ओळखीतले जे डॉक्टर सौद्यानंतरही रात्री नीट झोपतात, त्यातल्या बहुतेकांनी इमारत विकलेली नाही.

येणी वेगळी लिहा. टीपीए आणि सरकारी योजनेचे अडकलेले पैसे जमेत धरून कुणी भाव वाढवून सांगत असेल, तर समोरचा दोन वर्षांचं कपातीचं रजिस्टर मागेल. ते नसेल तर आजपासून ठेवा.

पायरी ४: सैल गाठीपासून घट्ट गाठीपर्यंत

माझा नियम साधा आहे. दुखणं ज्या सर्वात सैल गाठीने बरं होतं तीच बांधा. घट्ट गाठ नंतर मारता येते, मारलेली सुटत नाही.

पहिली गाठ नुसत्या खरेदीची. गावातल्या पाच हॉस्पिटलांनी ग्लोव्हज, सलाइन, इम्प्लांट, ऑक्सिजन एकत्र मागवायचं. कागदही फारसा लागत नाही, भरवशाचा एक माणूस लागतो.

दुसरी म्हणजे एखादा विभाग दुसऱ्याला चालवायला देणं: लॅब, डायलिसिस, मेडिकल, सीटी स्कॅन. मशीन त्याचं, जागा तुमची, जमेचा वाटा ठरलेला. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पेशंट पाठवल्याबद्दल पैसे घेणं किंवा देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही. कट प्रॅक्टिसला "मार्केटिंग फी" म्हटल्याने ती पवित्र होत नाही. वाटा जागेचा, विजेचा, स्टाफचा असावा आणि करारात तसा दिसावा. दुसरं, वाटा कशाचा हे लिहा. बिल ८० हजारांचं, टीपीएने मंजूर केले ७१, त्यात इम्प्लांट आणि औषधं ३२ हजारांची. ३० टक्के वाटा ८० वर धरला तर २४ हजार, ७१ वर २१ हजार ३००, इम्प्लांट-औषधं वजा जाता उरलेल्या ३९ वर ११ हजार ७००. "उत्पन्नाच्या ३० टक्के" या तीन शब्दांत निम्म्याहून जास्त फरक लपलेला असतो.

तिसरी, हॉस्पिटल तुमचंच पण कारभार त्यांचा, बोर्डावर त्यांचंही नाव. याला ओ अँड एम म्हणतात. ते फी घेतात, नफा-तोटा तुमचा. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि उपचारांची सेवा मुख्यतः करमुक्त असल्याने त्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो खर्चातच जातो. मला हा प्रकार छोट्या हॉस्पिटलसाठी फारसा आवडत नाही. हुकूम त्यांचा, तोटा तुमचा. घ्यायचाच असेल तर फीचा मोठा भाग नफ्याशी बांधून घ्या.

चौथी, सगळं हॉस्पिटल भाड्याने. वारस नसलेल्यांना हीच बरी. ठरलेलं किमान भाडं, वर जमेचा छोटा वाटा, तीन वर्षांनी वाढ. व्यावसायिक भाड्यावरही १८ टक्के जीएसटी आहे आणि भाडेकरू हॉस्पिटलला त्याचंही क्रेडिट नाही, म्हणून तो भाव पाडून मागणार हे गृहीत धरा. वर्षाचं भाडं २० लाखांच्या आत असेल तर गणित थोडं बदलतं, ते सीएकडून समजून घ्या. मशीनची यादी फोटो आणि सिरियल नंबरसकट करा. नाहीतर पाच वर्षांनी हॉस्पिटल परत मिळतं तेव्हा तुमच्या जर्मन ओटी लाइटच्या जागी कुठला तरी दिवा लटकत असतो आणि दोघंही खरं बोलत असल्याची शपथ घेतात.

पाचवी गाठ माझ्या सर्वात आवडीची आणि सर्वात जास्त तुटणारी: गावातल्याच पाच-सात डॉक्टरांनी आपापली छोटी हॉस्पिटलं आवरून एक मोठं काढायचं. एक सर्जन, एक अस्थिरोग, दोन फिजिशियन, एक स्त्रीरोग, एक बालरोग, एक भूलतज्ज्ञ. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड. महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्ह्यांच्या ठिकाणची चांगली मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलं अशीच उभी राहिली. बाहेरच्या कुणाला हिस्सा द्यावा लागत नाही, आयसीयू एक, लॅब एक, विमा कंपनीसमोर शंभर बेडचा आवाज.

तुटतं कुठे ते सांगते. पैसे आणि काम यांचा हिशेब एकाच वहीत ठेवला की तुटतं. भूलतज्ज्ञाने २० टक्के भांडवल घातलं, सर्जनने १०, पण पेशंट सर्जनचे. नफा कुणाला? उत्तर पहिल्या दिवशी लिहायचं: कामाचा मोबदला कामाप्रमाणे, प्रत्येक केसला ठरलेला, उरलेला नफा फक्त भांडवलाप्रमाणे. मग दुसरा प्रश्न, जुनी ओपीडी. सगळे म्हणतात, संध्याकाळची दोन तास माझ्या जुन्या जागी बसतो, पेशंटची सवय आहे. सहा महिन्यांनी लक्षात येतं की छोटी ऑपरेशनं तिकडेच होतायत. जुनी ठिकाणं कधी बंद होणार, त्याची तारीख टाका. तिसरा, निघायचं कसं. बाहेर पडणाऱ्याच्या हिश्शाचा भाव कसा काढायचा, पैसे किती हप्त्यांत, आणि एखाद्याचं अचानक काही झालं तर त्याची पत्नी भागीदार होणार की तिला रक्कम मिळणार. हे विचारायला अवघड वाटतं, सगळे तिशी-चाळिशीचे, तब्येतीने ठणठणीत. मी एका बैठकीत हा मुद्दा काढला तर बालरोगवाले डॉक्टर म्हणाले, "मॅडम, शुभ बोला." मुद्दा राहिला. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर त्याच टेबलाभोवती एक खुर्ची रिकामी होती, आणि गेलेल्या डॉक्टरांच्या पत्नीला हिस्सा किती आणि केव्हा द्यायचा यावर उरलेल्यांचं पुढची दोन वर्षं पटलं नाही.

सहावी, बाहेरच्याला बहुमताचा हिस्सा. यासाठी आधी कंपनी हवी. ५१ टक्के देताय तर स्वतःकडे एकत्रितपणे २५ टक्क्यांपेक्षा जास्त राहतील याची खात्री करा. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणून २६ टक्केवाला तो अडवू शकतो आणि २४ टक्केवाला फक्त हरकत नोंदवतो. पुढे भांडवल वाढवलं की तुमचा हिस्सा पातळ होतो, त्याची मर्यादाही लिहून घ्या.

सातवी, पूर्ण विक्री. धंदा सगळा एकगठ्ठा विकायचा की मशीन वेगळं, नाव वेगळं, येणी वेगळी, यावर आयकर बराच बदलतो. सही करण्याआधी सीए, नंतर नाही.

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर ही सगळी यादी बाजूला ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे जागा विकायला किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शिवाय निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के बेडचं बंधन चालवायला दुसरा कुणी आला म्हणून सुटत नाही. घाईच्या पार्टीला हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

पायरी ५: ते बघायला येतात तेव्हा

आधी गोपनीयतेचा करार, मग आकडे. पेशंटची नावं, निदानं, फोन नंबर दाखवायचे नाहीत. विभागवार संख्या पुरते. "नव्वद दिवस दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही" अशी सही मागतील. नव्वद द्या, एकशे ऐंशी नको.

मागे एका हॉस्पिटलमध्ये मी असताना खरेदीदाराचा एक तरुण मुलगा आला होता. गळ्यात ओळखपत्र नाही, हातात साधी वही. तो हिशेबाच्या खोलीत आलाच नाही. सकाळी दहा ते बारा केस पेपरच्या खिडकीशेजारी नातेवाइकासारखा उभा राहिला आणि येणारा पेशंट काय म्हणतो त्याप्रमाणे वहीत रेघा मारत गेला. "मोठ्या सरांना दाखवायचंय" ही एक रांग, "कुणीही चालेल" ही दुसरी. बारा वाजता मी वही बघितली. पहिल्या रांगेत पाच-पाचच्या नऊ जुड्या आणि वर दोन. दुसऱ्या रांगेत सहा. त्या दोन तासांत मोठ्या सरांच्या नावामागे किमान पाच वर्षांचं बंधन येणार हे ठरलं होतं. आमचे ताळेबंद त्यांनी नंतर सावकाश वाचले.

हीच वही तुम्ही आज करा. "कुणीही चालेल" ची रांग वाढवायला दोन वर्षं लागतात, पण तीच खरी किंमत वाढवते.

स्टाफला कधी सांगायचं? सिस्टर आणि मावशींना तुमच्याआधी कळलेलं असतं. सफारीतली चार माणसं ओटी बघून गेली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात "हॉस्पिटल विकलं" होतं. म्हणून पहिल्या पाहणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावून जेवढं खरं आहे तेवढं सांगा. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, पीएफ याचा हिशेब काढून ठेवा. वीस वर्षं काम केलेल्या आयाबाईचे पैसे कोण देणार, हा प्रश्न करारात असलाच पाहिजे.

पायरी ६: सहीच्या आधी या ओळी शोधा

बँकेची वैयक्तिक हमी. मशीनच्या कर्जाला तुम्ही आणि तुमच्या पत्नीने सही केलेली असते. हॉस्पिटल दुसऱ्याचं झालं तरी ती हमी तुमचीच राहते, बँकेने लेखी मोकळं केल्याशिवाय. "आम्ही बघून घेऊ" हे बँकेचं पत्र नसतं.

गावात पुन्हा प्रॅक्टिस न करण्याची अट. भारतीय करार कायद्याचं कलम २७ एरवी अशा अटी रद्द ठरवतं, पण धंद्याचं नाव, म्हणजे गुडविल विकलेलं असेल तर वाजवी मर्यादेतली अट टिकते. तेव्हा "असल्या अटी कोर्टात टिकत नाहीत" असं कुणी डॉक्टर मित्र म्हणाला तर त्याला विचारा, गुडविल विकलं होतं का? अंतर आणि वर्षं दोन्ही घासाघीस करून कमी करा.

हप्त्याने मिळणारी किंमत. काही रक्कम आता, काही दोन वर्षांत ठरावीक उत्पन्न झालं तर. उत्पन्न वाढवायचे सगळे निर्णय आता त्यांच्या हातात, आणि ते झालं नाही तर पैसे तुमचे बुडणार. आताची रक्कम एवढी असावी की पुढची आली नाही तरी पस्तावा नको.

जुन्या केसेस. ग्राहक आयोगात तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते. ताब्याच्या तारखेआधीच्या उपचारांची जबाबदारी तुमची, नंतरची त्यांची, अशी रेघ ओढा, आणि आपली व्यावसायिक विम्याची पॉलिसी सौदा झाला म्हणून लगेच बंद करू नका. या पॉलिसीत दावा येतो त्या दिवशी ती चालू असावी लागते. जुने केस पेपर कुणाच्या ताब्यात आणि तुम्हाला बघायला मिळतील का, हेही त्याच पानावर.

लवादाचं ठिकाण. मसुद्यात बेंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्ली असेल. पुणे किंवा मुंबई करून घ्या.

पायरी ७: ताब्यानंतरचे तीन महिने

नवा मालक म्हणजे विमा कंपन्यांशी नवे करार, आणि ते होईपर्यंत कॅशलेस बंद पडू शकतं. महात्मा फुले योजनेचंही तेच. त्या काळात रोख भरू न शकणारा पेशंट समोरच्या हॉस्पिटलात जातो. म्हणून हे अर्ज सहीच्या दिवशी तयार हवेत. बाकी शिक्के, बिलबुकं, बोर्ड यांचं होऊन जातं.

त्या तीस बेडवाल्या सर्जननी शेवटी विकलं नाही. एक मजला डायलिसिसला दिला, आणि गावातल्या अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिशियनबरोबर एलएलपीचा मसुदा सध्या वकिलाकडे आहे. बोर्डावर कुणाचं नाव आधी, यावर तीन बैठका गेल्या, मग वयाप्रमाणे ठरलं. परवा मसुदा वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. हॉस्पिटलचा मोबाइल नंबर, जो वर्षानुवर्षं गावातल्या प्रत्येक रिक्षावाल्याला आणि आशाताईला पाठ आहे, तो त्यांच्या मेव्हण्याच्या नावावर आहे. मेव्हणे नाशिकला असतात. सिम बदलायला त्यांना येत्या शनिवारी बोलावलंय.